दोन काळे, एक पिवळा

"पोरी, तुझ्या आप्पानं भरलेली मोटर आठ वरसं पळाली. तू भरलेली दीड म्हयना. आता काय म्हणायचं, तूच सांग."

तात्या हे दुकानाच्या पायरीवरून बोलले. आत आले नाहीत. मागे पिकअपमध्ये त्यांची साडेसात एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच अंगात) पडलेली, अंगावर उजनी धरणाचा वाळलेला गाळ. सकाळचे नऊ वाजलेले आणि समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या चार माणसांना सगळं ऐकू जाईल एवढा तात्यांचा आवाज. आप्पा आत खुर्चीवर बसून होते, पण बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. मोटर भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून स्लॉटमध्ये (लोखंडाच्या खाचांत) नवी तार दाबायचं काम दोन वर्षांपासून मीच करते, आणि हे अख्ख्या जेऊरला माहीत आहे.

मी पोराला म्हटलं, "उतरव, आणि इथंच उघड. तात्यांसमोर."

बोल्ट निघाले, झाकण निघालं, रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, बाहेर आला. जळालेल्या वार्निशचा तो वास नाकात गेला की दिवसभर जात नाही, जेवतानाही येतो. मी टॉर्च मारला आणि तात्यांना वाकून बघायला लावलं. २८८० फेऱ्यांची ही मोटर, म्हणजे दोन पोलची. आत कॉइलचे ६ गट असतात, दर फेजचे २. गोल फिरत बघितलं तर दोन गट कोळशासारखे काळे, मग एक पिवळाधमक, मी भरला तसाच्या तसा. पुन्हा दोन काळे, एक पिवळा.

"तात्या, तार कच्ची असती तर एका जागी भोक पडलं असतं. हिला कुठं भोक दिसतंय का? निम्मी-अधिक मोटर सारखी भाजलीय आणि उरलेली जशीच्या तशी आहे. ही बाहेरून जळालीय."

तात्यांना पटलं नाही. जळालेली मोटर घेऊन आलेल्या माणसाला त्या क्षणी काहीच पटत नसतं, हे मी मान्य करते. पाणी थांबलेलं असतं, केळी सुकत असते.

मी विचारलं, "ज्या रात्री गेली, त्या रात्री वस्तीवर लाईट कशी होती?"

"लाईट होती की. पर डीम. बलब नुसता निखाऱ्यावानी. धाकट्याच्या घरात मातर झगझगीत."

इथे मला जे हवं होतं ते मिळालं. हे जरा सविस्तर सांगते, कारण पॉलिटेक्निकला तीन वर्षं काढूनही ते मला तिथे कळलं नव्हतं, जळालेल्या मोटारी उघडून कळलं.

आपल्याकडे ज्याला सगळे डीपी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. फेज दोन ठिकाणी तुटू शकतो. डीपीच्या खालच्या बाजूला एखादा किटकॅट फ्यूज गेला किंवा जंपर (जोडतार) सुटला, तर मोटरला सरळ सरळ दोनच तारा पोचतात. बंद मोटर तेव्हा उठत नाही, नुसती घुमते. पण आधीच फिरत असलेली मोटर थांबत नाही! ती उरलेल्या दोन तारांवर रेटत राहते, आणि तेवढंच काम करायला त्या तारांतून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. डेल्टामध्ये (तिन्ही फेजच्या कॉइल त्रिकोणात) जोडलेल्या मोटरचा यात एकच फेज जास्त भाजतो, दोन वाचतात. एक काळा, दोन पिवळे.

दुसरा प्रकार वरच्या, ११ हजारांच्या बाजूला डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट) फ्यूज उडण्याचा. मग खालच्या तिन्ही फेजला व्होल्टेज दिसतं, पण एक पूर्ण आणि दोन निम्मे. तात्यांचा बल्ब निखारा आणि धाकट्याचा झगझगीत, तो यामुळे. आणि मोटरच्या तीन तारांपैकी एकीतून बाकीच्या दोघींच्या दुप्पट करंट वाहतो. डेल्टाच्या आत त्याची वाटणी अशी होते की दोन फेज भाजतात आणि एकाला काही होत नाही. दोन काळे, एक पिवळा. (स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही फेजची टोकं एका बिंदूत, जोडलेली मोटर असेल तर हे सगळं उलटं. म्हणून नुसता फोटो पाठवून "ताई, कशानं गेली?" विचारू नका, जोडणीही कळवा.)

तात्यांनी मग आपणहून सांगितलं की दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन खांबावर चढून डीओची तार घालून गेला होता. म्हणजे मोटर बहुतेक पहाटेपर्यंत तशीच फिरत होती. मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) होता, पण नुसतं व्होल्टेज बघणारा, स्वस्तातला. चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच थोडंफार व्होल्टेज तयार करते, त्यामुळे असला प्रिव्हेंटर फसतो. करंट बघणारा घ्या. दोनदा लिहीत नाही, पण घ्या.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण ही मोटर दोन महिन्यांत दुसऱ्यांदा आली होती, आणि पहिल्यांदा ती वेगळ्या तऱ्हेने जळाली होती. मार्चअखेर उघडली तेव्हा सहाचे सहा गट सारखे काळे होते. तेव्हा मी "लोड" असं वहीत लिहून मोकळी झाले होते. आप्पांची एक डाटा वही आहे, प्रत्येक मोटरचे वेढे, तारेचा गेज, पिच, सगळं बॉलपेनने. त्यात मी एक रकाना वाढवलाय, "कशाने गेली". उन्हाळ्यात त्या रकान्यात "सगळी काळी" इतक्या वेळा येतं की नुसतं "लोड" लिहिण्याची मला लाज वाटायला लागली.

सगळी काळी म्हणजे तिन्ही फेजमधून सारखाच, पण खूप जास्त करंट बराच वेळ गेला. पंप तोच, पाइप तोच, उंची थोडी वाढलेली. मग उन्हाळ्यातच का?

ज्यांनी उजनीचा फुगवटा (धरणाच्या भिंतीमागे साठलेलं पाणी) बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्याअखेर पाणी अगदी डीपीच्या पायथ्याला लागलेलं असतं. मार्चपासून ते उतरू लागतं. पलीकडच्या काठाला पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर आलं की आमच्याकडचे लोक समजतात, आता मोटारी खाली न्यायच्या. पेटी वर डीपीजवळच राहते, मोटर पाण्यामागे जाते, आणि केबल लांबत जाते. जिथे केबलही पुरत नाही तिथे गाळातून चारी खोदून पाणीच मोटरपर्यंत आणतात. तात्यांची केबल ४०० मीटरची होती, तिला २०० मीटरचा तुकडा जोडून ६०० केलेली. सहा चौरस मिलीमीटरची, ॲल्युमिनियमची. हिशेब केला तर एकेका तारेचा रोध पावणेतीन ओहमच्या आसपास येतो. साडेसातची मोटर चालताना ११ अँपिअर घेते, म्हणजे ४०-४५ व्होल्ट त्या केबलमध्येच मरतात. जोडावर नुसती काळी टेप असेल तर आणखी.

तात्यांना मी म्हटलं, "मोटर मी भरून देते, पण सुरू होताना मला तिथं बसायचंय."

"रातपाळी हाय या आठवड्यात."

"असू द्या."

शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडे आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या रात्री दहाला यायची होती. माझा मामेभाऊ टंग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजणारा चिमटा) आणि मीटर घेऊन वर डीपीजवळ उभा, मी खाली धरणाच्या पोटात, मोटरच्या टर्मिनलला मीटरच्या चिमट्या लावून बसलेली. मे महिना, पण पाण्याकडून गार वारा. भेगाळलेल्या गाळावर पाय ठेवला की कडा मोडून आवाज यायचा. तात्या बिडी पीत शेजारी बसलेले. फोन स्पीकरवर.

दहाला पाच मिनिटं असताना लाईट आली. आणि काठावरच्या सगळ्या पेट्या एकदम "खाट" वाजल्या.

सगळ्या. एकाच सेकंदाला. त्या डीपीवर १४ मोटारी आहेत, ९ साडेसातच्या, ५ पाचच्या. प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच, लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा. रात्री दहाला कोण उठून काठावर येणार, त्यामुळे ऑटो हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इंडक्शन मोटर उठताना तिच्या नेहमीच्या करंटच्या सहापट करंट घेते. १४ मोटारींचा चालता करंट १३६ अँपिअर, म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीला तो काठोकाठ. आणि उठताना मागणी ८०० च्या पुढे.

मामेभाऊ फोनवर ओरडला, "ताई, तीनशे तीस!" डीपीच्या तोंडाशी ४३३ च्या जागी ३३०. पेट्यांमधले काही कॉन्टॅक्टर (मोटरला लाईट जोडणारे चुंबकी स्विच) टरटर वाजायला लागले, कारण कॉन्टॅक्टरच्या कॉइलला तिच्या व्होल्टेजच्या ८५ टक्के मिळाले तरच तो नीट बसण्याची खात्री असते, आणि इथे ८० सुद्धा नव्हते.

माझ्या मीटरवर २२५.

पाटीवर ४१५ लिहिलेल्या मोटरला २२५ व्होल्ट. आता यातली खरी गोम अशी की मोटरचा जोर व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. व्होल्टेज निम्म्यावर आलं की जोर पाव होतो. २२५ ला जोर ३० टक्क्यांच्याही खाली. पंपाला सुरुवातीला जोर लागत नाही, त्यामुळे मोटर फिरायला लागते आणि आपल्याला वाटतं उठली. पण वेग वाढला की पाण्याचा भार वाढतो, आणि कुठेतरी मध्येच दोघांची गाठ पडते. मोटर तिथे अडकते. पुढे जाईना, थांबेना. मी हात ठेवला होता अंगावर. नेहमीची चढत जाणारी शीळ नव्हती, एकच जड घुमणारा सूर होता, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या ट्रकसारखा. आणि हे सगळं होत असताना करंट तिपटीच्या आसपासच राहतो. तिप्पट करंट म्हणजे तारेतली उष्णता नऊपट, पंखाही पूर्ण वेगात नाही.

डीपीजवळच्या मोटारी दहा-बारा सेकंदांत उठल्या. त्यांचा करंट उतरला तसं व्होल्टेज वर आलं. तात्यांची मोटर शेवटी उठली, वीस सेकंदांनी, धापा टाकत. मी सुस्कारा सोडला, तेवढ्यात लाईट गेली. फीडरच, म्हणजे डीप्यांना वीज देणारी ११ हजारांची लाइनच, बसला. आमच्यासारख्या कित्येक डीप्या एकदम उठल्यावर तो तरी काय करणार.

अर्ध्या तासात लाईट चार वेळा गेली आणि आली. चार वेळा तोच खेळ, दर वेळी आधीच तापलेल्या तारेवर. चौथ्या वेळेनंतर मोटरच्या अंगावर मला तळहात ठेववेना.

"तात्या, ओव्हरलोड का पडत नाही?"

तात्या बिडीकडे बघत म्हणाले, "सारखा पडायचा. सोळावर ठिवलाय."

ओव्हरलोड म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटर बंद करणारी रिले. ११ अँपिअरच्या मोटरचा ओव्हरलोड १६ वर. मी काही बोलले नाही. अंधारात माझं तोंडही त्यांना दिसलं नसेल.

नंतर लाईट टिकल्यावर मी डीपीला जाऊन तिन्ही फेजमधली व्होल्टेज घेतली: ४१२, ३९८, ३८५. वस्तीची घरं आणि एक पिठाची गिरणी बहुतेक एकाच फेजवर टांगलेली असावी. सरासरी ३९८, सरासरीपासून सगळ्यात मोठा फरक पावणेचौदा व्होल्टचा, म्हणजे असंतुलन ३.४ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण असंतुलनामुळे मोटरच्या आत उलट दिशेने फिरणारं एक लहान चुंबकक्षेत्र तयार होतं, आणि त्याला मोटर फार थोडा विरोध करते, त्यामुळे व्होल्टेजमधल्या एका टक्क्याचे करंटमध्ये सहा ते दहा टक्के होतात. तापमानवाढीचा ढोबळ नियम असा की असंतुलनाचा वर्ग करून दुप्पट करायची: इथे मोटर नेहमीपेक्षा २३ टक्के जास्त तापणार. आणि दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं. आठ वर्षं आणि दीड महिना यांतलं अंतर असं चोरपावलांनी कापलं जातं.

परत येताना तात्यांनी गाडीत विषय काढला. "ताई," (आता मी पोरीची ताई झाले होते) "तुझा आप्पा पूर्वी लो व्होल्टेजची भर करायचा. तशी कर की."

ही मागणी आमच्या धंद्यात सगळीकडे होते. वेढे कमी घालायचे, तार जाड घालायची, मग कमी व्होल्टेजलाही मोटर जोर धरते. मार्च ते जून खरंच धरते. पण पावसाळ्यात निम्म्या मोटारी बंद असतात, रात्री व्होल्टेज ४३० च्या पुढे जातं, आणि तेव्हा कमी वेढ्यांच्या मोटरचं लोखंड चुंबकाने तुडुंब भरतं. पाणी न उपसताही ती करंट पिते आणि उभ्या उभ्या तापते. आप्पांना घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "भरायचो. दिवाळीला परत यायच्या." बस, एवढंच. स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

मी त्या भरीला नकार दिला. तात्यांचा ओव्हरलोड ११ वर आणला, करंट बघणारा प्रिव्हेंटर लावला, केबलचा जोड क्रिंप करून पुन्हा केला. आणि तात्यांना म्हटलं, बाकीच्या तेरा जणांना एका जागी बसवा.

उपाय फुकटाचा होता. ऑटो स्विचला उशिराची सेटिंग असते, ज्याच्यात नाही त्याला छोटा टायमर. प्रत्येकाने १५ सेकंदांच्या अंतराने सुरू व्हायचं. शेवटच्याला थांबायला लागणार सव्वातीन मिनिटं, आठ तासांतली. आणि ज्याची केबल सगळ्यात लांब, त्याचा नंबर पहिला, कारण डीपी मोकळा असताना त्याला जे व्होल्टेज मिळेल ते पुन्हा मिळणार नाही. डीपीला चिकटलेले शेवटी, त्यांना कधीही उठता येतं.

हे ज्या क्षणी मी बोलले त्या क्षणी बैठक मोडायची वेळ आली.

डीपीशेजारचे भाऊसाहेब म्हणाले, "डीपी आणायला मुंबईपर्यंत खेटे आम्ही घातले, आणि आमचा नंबर चौदावा?" मी म्हटलं, भाऊसाहेब, तीन मिनिटांचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तीन मिनिटांचा नाही, नंबरचा आहे. दुसऱ्या एकाचं म्हणणं, आपण थांबायचं आणि शेजारच्या डीपीने नाही थांबायचं, तर फीडर बसणारच ना? हे मात्र खरं होतं, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. तिसऱ्याने विचारलं की बाईमाणसाने रात्री धरणात जाऊन व्होल्टेज मोजायची गरज काय होती. त्याला तात्यांनी उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी भाऊसाहेबांना चौदाऐवजी तेरावा नंबर दिला आणि चौदावा त्यांच्या चुलतभावाला. माणसं अशीच असतात का वगैरे मी विचारणार नाही. मी पण दुकानाच्या पाटीवर आप्पांच्या नावाखाली माझं नाव त्याच मापाच्या अक्षरात घालून घेतलंय.

खडूने पेट्यांवर नंबर टाकले. पुढच्या रात्रपाळीला मी पुन्हा खाली जाऊन बसले. लाईट आली. एकच "खाट". माझ्या मीटरवर २९०, मग वेग धरता धरता ३२०, ३५०, आणि ३८० वर येऊन काटा स्थिर. सहा सेकंद. वरून दुसरी पेटी वाजली, मग तिसरी. अंधारात काठाने एकेक मोटर जागी होत गेली. तात्यांनी बिडी पेटवलीच नाही, मोजत बसले होते.

जूनच्या मध्यात कळलं की दोघा-तिघांनी टायमर परत शून्यावर नेलेत. कोण ते मला माहीत आहे, पण त्यांच्याही मोटारी अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे बोलायला तोंड नाही. मग पुण्याकडची धरणं भरली, भीमेला पाणी सुटलं, उजनी चढायला लागली आणि मोटारी पुन्हा वर ओढल्या. तात्यांची केबल आता ९० मीटरवर आलीय, उरलेली गुंडाळून खोपटात टांगली आहे. परवा ते पाइपचं सॉकेट घ्यायला जेऊरला आले होते, दुकानात आत येऊन बसले, चहा घेतला. मोटर चांगली आहे म्हणाले. टायमरमुळे, ओव्हरलोडमुळे, की केबल आखूड झाल्यामुळे, ते आता मार्चशिवाय कळायचं नाही.

वहीतल्या त्यांच्या ओळीपुढचा रकाना तोवर कोरा ठेवलाय.